मंगळ मुलांना दाखवायचा कसा? थर्माकोलचा गोळा बाजूला ठेवा, दगडापासून सुरू करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दुसरीत आहे, शाळेने प्रत्येकाला एकेक ग्रह वाटून दिलाय, हिच्या वाट्याला मंगळ आला, थर्माकोलचा गोळा लाल रंगवून झाला, "मंगळ हा सूर्यापासून चौथा ग्रह, त्याला लाल ग्रह म्हणतात" हेही पाठ झालं, आणि आता ती विचारतेय की पण तिथे आहे काय? शिवाय सोसायटीतल्या पाचवी-सहावीपर्यंतच्या पोरांना गोळा करून एखाद्या रविवारी काहीतरी करायचंय आणि त्यासाठी टेलिस्कोप घ्यावा का हेही तुम्हाला हवंय. मी बरीच वर्षं लहान मुलांचे विज्ञानाचे वर्ग आणि आकाशदर्शन घेते, मंगळ हा माझा अगदी आवडता विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न एकदम बरोबर आहे. आपण मुलांना ग्रह शिकवतो तेव्हा गोळे शिकवतो. रंगीत गोळे, क्रमाने लावलेले. पण बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चौघे खडकाळ ग्रह आहेत, म्हणजे तिथे जमीन आहे, उभं राहता येईल अशी. मंगळ ही एक जागा आहे. तिथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत, वाळू आहे, सकाळ-संध्याकाळ होते, वारा सुटतो. हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की पुढचे प्रश्न ती स्वतः विचारतात, आपल्याला काही ओढावं लागत नाही. आणि जागा समजवायची तर सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करायची, आणि इथे आपण महाराष्ट्रातली माणसं जरा नशीबवान आहोत.

का ते सांगते. आपला सह्याद्री, देशावरचा सगळा काळा कातळ, गडांचे चिरे, जुन्या घरातला पाटा-वरवंटा, जातं, हे सगळं बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरले, थंड झाले, त्याचा हा दगड. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच आहे! म्हणजे मुलाच्या हातात काळ्या दगडाचा तुकडा देऊन "मंगळावर असाच दगड असतो" असं म्हटलंत तर ते थाप मारणं नाही, खरंच तसं आहे. (पूर्व विदर्भात किंवा तळकोकणात राहत असाल तर तिकडचा दगड वेगळा, मग कुणाकडून तरी मागवा, किंवा आजीचा वरवंटा आणा.) मी वर्ग सुरू करताना आधी दगडच फिरवते, एकही फोटो न दाखवता. हातात घ्या, वजन बघा, भिंगातून बघा, बारीक भोकं दिसतात का बघा. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले त्याची ती भोकं.

मग कोणीतरी विचारतंच, हा तर काळा आहे, मंगळ लाल कसा? हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ दे, तुम्ही घाई करू नका.

उत्तरासाठी गेरू आणा. तुळशीवृंदावनाला, कुंडीला लावतात तोच. बोटाला लावा, कागदावर घासा. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि मंगळावरच्या धुळीचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, सोप्या भाषेत गंज. आठवडाभर आधी एका वाटीत साधे लोखंडी खिळे मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलेत तर मुलांना गंज चढलेला दिसतो. पण स्टीलची घासणी घेऊ नका, ती स्टेनलेस असेल तर गंजतच नाही आणि प्रयोगाचा पचका होतो. कोकणात, महाबळेश्वरला किंवा गोव्याला गेलात तर जांभा दाखवा, बेसॉल्टसारख्या दगडावर वर्षानुवर्षं पाऊस पडून बाकीचं बरंच वाहून गेलं, लोह मागे राहिलं आणि गंजलं, म्हणून तो लाल. आणि घाटातून गाडी जाते तेव्हा डोंगर कापलेला असतो ना, तिथे काळ्या थरांच्या मधे कधीकधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात दगडाची झीज होऊन तयार झालेला असतो. एकदा दाखवलंत की पोरं प्रत्येक घाटात खिडकीला नाक लावून तेच शोधतात.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने (रोव्हर म्हणजे तिथे चाकांवर फिरणारी यंत्रगाडी) फेब्रुवारी २०१३ मध्ये मंगळावरच्या खडकाला पहिल्यांदा भोक पाडलं, तर आतून निघालेली पूड राखाडी होती! लाल फक्त वरवर, धूळ बसलेली. हा फोटो नेटवर सहज मिळतो, दाखवा. मुलांनी लाल गोळा रंगवलेला असतो आणि मग त्यांना कळतं की खरवडलं तर आत लाल नाही. तुमच्या मुलीला सांगा, प्रोजेक्टमध्ये गोळ्याला एक छोटं भोक पाडून आत करडा रंग लाव, बाईंनी विचारलं तर तिला सांगायला काहीतरी स्वतःचं असेल.

दुसरी गोष्ट नदीतले गोटे. कुठल्याही नदीवर गेलात की चार गोल गुळगुळीत गोटे आणि चार डोंगरावरचे कोनदार दगड घेऊन या, मुलांसमोर ठेवा आणि विचारा हे गोल कसे झाले. बहुतेक मुलं सांगतात की पाण्याने घासून. बरोबर. मग क्युरिऑसिटीने २०१२ मध्ये काढलेला फोटो दाखवा, त्यात खडकात अडकलेले गोल गोल खडे आहेत, वाऱ्याने उडवता येणार नाहीत एवढे मोठे. म्हणजे तिथे कधीतरी पाणी वाहत होतं, घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावं असा अंदाज शास्त्रज्ञांनी त्यावरून बांधला. हे तर्क करायचं काम मुलांना स्वतः करू द्या, तुम्ही फक्त गोटे आणि फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. सात-आठ वर्षांची मुलंसुद्धा बरोबर तिथे पोचतात. ते पाणी अब्जावधी वर्षांपूर्वीचं, आता तिथली हवा इतकी विरळ आहे (पृथ्वीच्या एक टक्क्यापेक्षाही कमी दाब) की उघड्यावर पाणी ओतलं तर ते टिकणारच नाही, थोडं उकळेल, थोडं गोठेल. बर्फ मात्र आहे, ध्रुवांवर आणि जमिनीखाली.

मग परातीतलं विवर, म्हणजे आकाशातून दगड आदळला की पडतो तसा खड्डा. हा प्रयोग सगळीकडे पीठ वापरून करतात, मी धान्य वापरत नाही, रांगोळी घ्या. जुनी परात, त्यात चार बोटं पांढरी रांगोळी, वरून गाळणीने गेरूचा पातळ थर. आता वरून गोटी सोडायची. आतली पांढरी रांगोळी उसळून लाल थरावर पसरते, मधे खड्डा, भोवती कडा, आणि बाहेर पांढऱ्या रेघा. गुडघ्याच्या उंचीवरून, कमरेवरून, खुर्चीवर उभं राहून अशी सोडायची आणि प्रत्येक वेळी खड्डा पट्टीने मोजून वहीत लिहायचा. गोटीपेक्षा खड्डा मोठा का, उंची वाढली की काय होतं, यावर मोठी मुलं तासभर भांडतात, भांडू द्या. रांगोळी डोळ्यात जाऊ नये म्हणून सगळे एक पाऊल मागे, आणि फेकायचं नाही, फक्त सोडायचं, हा नियम मात्र कडक ठेवा. मोठ्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा की आपली गोटी हळू पडते, खरा अशनी (आकाशातून येणारा दगड) सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येतो आणि आदळल्यावर अक्षरशः स्फोट होतो, म्हणून तो तिरका आला तरी विवर बहुतेक गोलच होतं.

आणि इथे लोणार सांगितलं नाही तर काय उपयोग! बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टमध्ये अशनी आदळून झालेलं. बेसॉल्टमधली अशी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, मंगळावरची बरीच विवरं मात्र बेसॉल्टमधलीच, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारच्या दगडांचा अभ्यास करतात. आणि मंगळावर एका विवराचं नावच लोणार आहे! मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात, त्यात आपलं लोणार आहे, तिथल्या उत्तर ध्रुवाच्या बाजूला. हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. जमलं तर एकदा खरंच लोणारला घेऊन जा, काठावर उभं केलं की परातीतला खड्डा त्यांना आपोआप आठवतो, आपण काही बोलायची गरज नसते. तिथले दगड मात्र उचलून आणायचे नाहीत, हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

आता आकार आणि अंतर. पुस्तकातल्या चित्रांमुळे सगळे ग्रह एकमेकांना चिकटलेले वाटतात आणि हा गैरसमज दहावीपर्यंत जात नाही. स्वयंपाकघरातून एक लिंबू घ्या, ४ सेंटीमीटरचं, ती पृथ्वी. मग मंगळ म्हणजे सुपारी, २ सेंटीमीटरच्या जरा वर. चंद्र मोठ्या वाटाण्याएवढा, आणि तो लिंबापासून सव्वा मीटरवर ठेवायचा. मुलांना विचारा मंगळ कुठे ठेवू. कोणी टेबलाच्या टोकाला ठेवतं, कोणी दाराबाहेर. खरं उत्तर, मंगळ अगदी जवळ येतो तेव्हासुद्धा सुपारी १७५ मीटरवर, आणि सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा सव्वा किलोमीटरवर! सोसायटीच्या गेटबाहेर जावं लागेल. एका पोराला सुपारी घेऊन खरंच चालत पाठवा (सोबत मोठं माणूस द्या), आणि तो लांब ठिपका झाला की बाकीच्यांना म्हणा, आता इथून सुपारी दिसते का बघा. मंगळावर जायला सहा-सात महिने ते वर्षभर का लागतं हे वेगळं समजवावं लागत नाही. मंगळ लहान आहे असं आपण म्हणतो, पण पृथ्वीवरचे समुद्र काढून फक्त जमीन मोजली तर ती आणि मंगळाचा सगळा पृष्ठभाग जवळजवळ सारखाच भरतो. फिरायला जागा भरपूर आहे.

डोंगरांचे आकडे सांगायचे तर ओळखीच्या डोंगराशी जोडून सांगा. ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २२ किलोमीटर उंच, म्हणजे तेरा कळसूबाई एकावर एक. पण त्याहून भारी गोष्ट म्हणजे त्याचा पसारा, सुमारे ६०० किलोमीटर, जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढी जागा एका डोंगराने व्यापलेली. चढ इतका मंद की बहुतेक ठिकाणी चालताना आपण डोंगरावर आहोत हेच कळणार नाही. आणि १९७१ मध्ये मरिनर ९ यान मंगळापाशी पोचलं तेव्हा पूर्ण ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता, काहीच दिसेना, फक्त चार काळे ठिपके धुळीच्या वर दिसत होते, वादळ ओसरल्यावर कळलं की ते चार प्रचंड ज्वालामुखींचे माथे आहेत. ही गोष्ट मी झोपताना सांगायच्या गोष्टीसारखी सांगते, सावकाश, ठिपके काय असतील ते मुलांना ओळखायला लावून.

वय आणि वजन मुलांना फार आवडतं, ते पटकन उरका. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे तुमची सात वर्षांची मुलगी तिथे पावणेचार वर्षांची. २० किलोच्या मुलाचं वजन काट्यावर साडेसात किलोच्या आसपास दिसेल. दिवस मात्र आपल्याएवढाच, साधारण ४० मिनिटं जास्त. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की मग तिथे रोज ४० मिनिटं जास्त झोपायला मिळेल.

रोव्हरचा खेळ मात्र वेळ काढून करा, माझ्या मते सगळ्या रविवारातला हाच सगळ्यात चांगला भाग ठरेल. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी, तो रोव्हर. अंगणात चपला, बादल्या, दगड मांडून ठेवायचे. बाकीची मुलं म्हणजे पृथ्वीवरची टीम, त्यांनी कागदावर आज्ञा लिहायच्या, "तीन पावलं पुढे, उजवीकडे वळ, दोन पावलं, खाली वाकून दगड उचल". आणि कागद लगेच द्यायचा नाही, तीन मिनिटं थांबायचं. कारण मंगळ अगदी जवळ असतानाही रेडिओ संदेश पोचायला तीन मिनिटं लागतात, लांब असताना बावीस. एकदा कागद दिला की मधे ओरडायचं नाही, रोव्हर बादलीवर आपटला तरी. पहिल्या फेरीत हमखास आपटतो. दुसऱ्या फेरीत मुलं आपोआप आधी मैदान बघतात, पावलं मोजतात, छोट्या छोट्या आज्ञा लिहितात, मधे "थांब आणि हात फिरवून बघ" असं टाकतात. खऱ्या रोव्हरची टीम हेच करते, दिवसभराच्या आज्ञा आधी लिहून पाठवतात. क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ ला उतरलं तेव्हा वातावरणात शिरण्यापासून जमिनीला टेकेपर्यंत सात मिनिटं लागली आणि संदेश पृथ्वीवर यायला साधारण चौदा, म्हणजे "शिरलो" ही बातमी इथे आली तेव्हा तिकडे सगळं होऊन गेलेलं होतं. खेळ खेळलेल्या मुलांना हे वाक्य लगेच कळतं, न खेळलेल्यांना चारदा सांगावं लागतं.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी आणखी दोन गोष्टी, दोन्ही इतिहासातल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही मोठमोठे लोक दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेषांचं जाळं बघायचे आणि ते कालवे आहेत, कोणीतरी खणलेत असं मानणारेही होते. तेव्हा इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ माँडर आणि शाळेचे मुख्याध्यापक इव्हान्स या दोघांनी काय केलं, ग्रिनिचच्या एका शाळेतल्या मुलांसमोर गोल चित्र टांगलं, त्यात रेषा नव्हत्याच, नुसते वेडेवाकडे ठिपके आणि डाग, आणि वेगवेगळ्या अंतरावर बसलेल्या मुलांना जसं दिसेल तसं काढा म्हणून सांगितलं. काही मुलांनी सरळ रेषा काढल्या! डोळ्याने ठिपके जोडले. १९०३ ची गोष्ट ही. तुम्ही हे सोसायटीच्या हॉलमध्ये जसंच्या तसं करू शकता, चित्र भिंतीवर, मुलं तीन ओळींत, पुढची जवळ, मागची बरीच लांब, आणि शेवटी सगळी चित्रं शेजारी लावायची. कोणी चूक, कोणी बरोबर असं म्हणायचं नाही, सगळ्यांनी प्रामाणिकपणे जे दिसलं तेच काढलेलं असतं.

दुसरी गोष्ट १९६५ च्या जुलैमधली. मरिनर ४ ने मंगळाचे पहिले जवळचे फोटो पाठवले, पण फोटो यायचा तो आकड्यांच्या रूपात आणि इतका हळू की एका फोटोला काही तास लागायचे. कॉम्प्युटर चित्र तयार करेपर्यंत तिथल्या इंजिनीअर मंडळींना धीर निघेना, त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या भिंतीला लावल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवून चक्क खडूंनी हाताने रंगवल्या. दूरच्या ग्रहाजवळून घेतलेला तो पहिला फोटो असा माणसांनी रंगवलेला आहे. तुम्ही चौकटीच्या वहीच्या पानावर २० बाय २० घरं आखा, मंगळाच्या एखाद्या विवराचा फोटो समोर ठेवून प्रत्येक घरात उजेडानुसार ० ते ५ आकडे लिहा, झेरॉक्स काढा, आणि पट्ट्या कापून प्रत्येक मुलाला एकेक पट्टी द्या. कोणालाच माहीत नसतं काय तयार होतंय. सगळ्या पट्ट्या चिकटवल्या की विवर दिसतं. दुसरीतली मुलंही हे करतात. डिजिटल फोटो म्हणजे काय हेही त्यातच शिकून होतं.

फोटोंबद्दल एक सांगायचंय. चित्रकाराने काढलेली मंगळाची चित्रं, ग्राफिक्स वगैरे कमीत कमी वापरा, खरे फोटो ढिगाने फुकट उपलब्ध आहेत. नासाच्या साइटवर क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स रोव्हरचे कच्चे फोटो, जसे आले तसे, कोणालाही बघता येतात. काही अंधारे, काही अर्धवट, काहीत रोव्हरचं चाक मधेच आलेलं, क्युरिऑसिटीच्या चाकांना टोकदार दगडांनी पाडलेली भोकं पण दिसतात. मुलांना हेच जास्त खरं वाटतं. "हा फोटो गेल्या आठवड्यातला आहे" असं म्हटल्यावर वर्गात जी शांतता होते ती सुंदर पोस्टर दाखवून होत नाही. तिथला सूर्यास्त नक्की दाखवा, सूर्याभोवतीचं आकाश निळसर असतं, हवेतल्या बारीक धुळीमुळे. आणि दिवे बंद करून आवाज ऐकवा, पर्सिव्हरन्सवर मायक्रोफोन आहेत, मंगळावरच्या वाऱ्याचा आणि इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचा रेकॉर्ड केलेला आवाज मिळतो. ते हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालं, पाच उड्डाणांचा बेत होता, ७२ झाली.

आपलं मंगळयान विसरू नका, पण "आपण जगात भारी" एवढंच सांगून सोडून देऊ नका. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोटाहून निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं, पहिल्याच प्रयत्नात, साधारण ४५० कोटी खर्चात, सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते आठेक वर्षं चाललं. हे यान उतरलं नव्हतं, भोवती फिरत होतं, हा फरक मुलांना सांगा, बऱ्याच मोठ्यांनाही तो माहीत नसतो. त्याच्या कॅमेऱ्याने काढलेला पूर्ण मंगळाचा फोटो छापून भिंतीवर लावा. कोणी २००० ची जुनी नोट आठवण म्हणून ठेवली असेल तर तिच्या मागे मंगळयान आहे, तेही दाखवा.

काही प्रश्न येणारच, तयारी ठेवा. मंगळ लाल म्हणजे गरम का? नाही, थंडगार. सरासरी उणे ६० च्या आसपास, विषुववृत्तावर उन्हाळ्याच्या दुपारी कधीतरी २० अंश, आणि त्याच रात्री हाडं गोठतील. वादळात माणूस उडून जाईल का? सिनेमात दाखवतात पण हवा इतकी विरळ आहे की वारा जोरात सुटला तरी झुळकीइतकाच जाणवेल, त्रास धुळीचा, २०१८ च्या वादळाने ऊन इतकं अडवलं की सौर पॅनलवर चालणारं ऑपॉर्च्युनिटी रोव्हर बंद पडलं. तीन महिन्यांसाठी गेलेलं ते चौदा वर्षं चाललं होतं, ४५ किलोमीटर फिरलं. लहान मुलं हे ऐकून रडवेली होतात, थोडा वेळ द्या त्यांना.

तिथे कोणी राहतं का? अजून सापडलेलं नाही. पर्सिव्हरन्सला एका खडकात अशा खुणा मिळाल्या आहेत की ज्या फार पूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या असू शकतील, २०२५ मध्ये ते जाहीरही झालं, पण दुसऱ्या कारणानेही तशा खुणा होऊ शकतात, म्हणून सिद्ध झालं असं कोणी म्हटलेलं नाही. मुलांना हे असंच सांगा. मोठी माणसंसुद्धा "अजून नक्की नाही" म्हणतात आणि शोधत राहतात, हे त्यांना कळायलाच हवं.

आपण राहायला जाणार का? इथे माझं मत ठाम आहे, मुलांना "पृथ्वी खराब झाली की मंगळावर जाऊ" हे अजिबात विकू नका. श्वासाला हवा नाही, ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, किरणोत्सर्ग जास्त, अन्न उगवायला साधी माती नाही. माणसं कदाचित जातील, काम करतील, आणि त्यात आपल्या वर्गातलं कोणी असेल तर आनंदच आहे. पण तो पर्याय म्हणून सांगणं मला पटत नाही.

आणि हो, पत्रिका. "आजी म्हणते मावशीला मंगळ आहे म्हणून लग्न जमत नाही" हे कुठल्या ना कुठल्या पोराकडून येतंच, सगळ्यांसमोर येतं. आजीला खोटं पाडायचं नाही, मूल कात्रीत सापडतं. पण गप्पही बसायचं नाही. मी लिंबू आणि सुपारी परत काढते आणि म्हणते, हा गंजलेल्या धुळीचा, थंड, दगडांचा ग्रह इतक्या लांब आहे, त्यावरचा दगड आपण नुकताच हातात घेतला तसाच आहे, तो कोणाच्या लग्नाचं काय बिघडवणार सांगा बरं? एवढं पुरतं. आठ-दहा वर्षांची मुलं स्वतःच हसून "काहीच नाही" म्हणतात, आणि मुलींच्या चेहऱ्यावर तर मला दरवेळी काहीतरी सुटल्यासारखं दिसतं, म्हणून हा प्रश्न मी कधीच टाळत नाही.

शेवटी टेलिस्कोप. आत्ता घेऊ नका. मंगळ हा टेलिस्कोपातून पहिल्यांदा दाखवायचा ग्रह नाही, मुलांनी रोव्हरचे फोटो बघितलेले असतात आणि भिंगात एक थरथरता नारिंगी ठिपका दिसतो, हिरमोड होतो. आधी चंद्र, मग शनी, गुरू. मंगळ नुसत्या डोळ्यांनी बघायला शिकवा, न लुकलुकणारा, तांबूस, रोहिणी किंवा ज्येष्ठा ताऱ्याशी रंग ताडून बघा. मंगळ दर २६ महिन्यांनी आपल्या जवळ येतो, त्याला प्रतियुती म्हणतात, मागची जानेवारी २०२५ मध्ये झाली, पुढची १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. तेव्हा तो सिंह राशीत मघा ताऱ्याच्या आसपास असेल, संध्याकाळी पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर "२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार" असं फिरतं, ते २००३ च्या बातमीचं बिघडलेलं रूप आहे, तसं कधीच दिसत नाही, मुलांना लिंबू-सुपारीवरून स्वतः हिशेब करून घरच्या ग्रुपवर उत्तर लिहू द्या.

२०२७ साठी एकच काम सुचवते. डिसेंबर २०२६ पासून एप्रिल २०२७ पर्यंत आठवड्यातून एकदा गच्चीवर जायचं, मघा आणि आजूबाजूचे तारे वहीत आधीच काढून ठेवायचे आणि त्यात मंगळ कुठे आहे तो ठिपका तारीख घालून मारायचा. सुरुवातीला उशिरा उगवेल, तेव्हा पहाटे बघा. ठिपके एका बाजूला सरकत जातील, मग जानेवारीच्या सुमारास थांबतील, उलटे जातील, आणि मार्चअखेर पुन्हा सरळ. मंगळ वक्री झाला म्हणतात तो हाच, आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला ओव्हरटेक करते म्हणून तसं दिसतं. अंगणात दोन मुलांना दोन गोलांत पळवून हे करून दाखवता येतं, पण ते वही भरल्यानंतर, आधी नाही. आणि प्रतियुतीच्या आठवड्यात एखाद्या संस्थेच्या आकाशदर्शनाला घेऊन जा, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळाचे कार्यक्रम वांगणीला होतात, त्यांच्या मोठ्या दुर्बिणीतून हवा स्थिर असेल तर ध्रुवावरचा पांढरा बर्फाचा ठिपकासुद्धा दिसू शकतो. जाताना ती वही सोबत न्या, आणि दुर्बिणीला डोळा लावायला प्रत्येक मुलाला निदान दोन मिनिटं मिळतील एवढ्या लवकर पोचा, कारण मंगळावरचं काही दिसायला डोळ्याला तेवढा वेळ लागतोच.